बोट कुणासाठी थांबली

२ मार्च

ताई,

साष्टांग नमस्कार घातला असं समज, वाकायला वेळ नाही. सात चाळीसची गाडी काढायची आहे. त्याआधी वीस मिनिटं डेपोच्या कॅन्टीनमध्ये बसून हे खरडतोय.

इथल्या कॅन्टीनवाल्या बाईंनी नवं खूळ काढलंय. आम्ही ट्राम हाकणारे चाळीस जण, चाळीस गावांचे. निम्मे तर समुद्रापलीकडून आलेले. बाईंनी भिंतीवर फळा टांगलाय आणि हुकूम सोडलाय की प्रत्येकाने आपल्या गावाबद्दल एक आवडती आणि एक नावडती गोष्ट लिहून लावायची. अर्धवट कागद चालणार नाही. वाचून हसून हसून पुरेवाट झाली. एकाच्या गावात वारा इतका की वाळत घातलेले कपडे रोज शेजारून मागून आणावे लागतात. हे त्याचं नावडतं. आणि मागता मागता शेजारीणच बायको झाली, हे आवडतं. दुसऱ्याच्या गावात न्हावी दोनच, सख्खे भाऊ, एकमेकांशी बोलत नाहीत. एकाकडे केस कापले की दुसरा वर्षभर ओळख दाखवत नाही. आमची मेकॅनिकबाई, जी गाड्यांची दारं आणि ब्रेक बघते, तिने लिहिलंय : आवडतं, सगळे मला लहानपणापासून ओळखतात. नावडतं, अजून लहानच समजतात.

माझं नावडतं एका मिनिटात लिहून झालं. बोट! नदी ओलांडायला अख्ख्या गावाला एकच बोट, आणि ती घड्याळावर सुटत नाही, माणसांवर सुटते. रोजच्यातलं एक डोकं कमी दिसलं की बोटवाले काका दोर सोडत नाहीत. एकोणीस वर्षांपूर्वी ते शिवणवाल्या काकूंसाठी वीस मिनिटं थांबले आणि माझी ओव्हरसियरची परीक्षा बुडाली. सहा मिनिटं उशीर, फाटक बंद. नाहीतर आज खुर्चीत बसून पूल बांधत असतो.

आवडतं मात्र काही केल्या सुचेना. तू अजून तिथे तिकीट-खिडकीत बसतेस, एखादं पाठव. फोनवर सांगू नकोस. फोनवर आपण भांडतो.

तुझा,
उतावळा

१३ मार्च

चि. उतावळ्यास,

आशीर्वाद, आणि एक कानाखाली. चाळीस गावांच्या माणसांसमोर आपल्या बोटीची लाज काढलीस ना?

नावडतं तर मलाही आहे रे, मी कुठे गावावर जीव ओवाळून टाकलाय? नवी साडी नेसून खिडकीत बसले की चारपर्यंत पलीकडच्या काठाला तिचा रंग माहीत असतो. मला साधी सर्दी झाली की पाच जणी पाच काढे सांगून जातात, आणि संध्याकाळी कुणाचा घेतला म्हणून चौकशी. एकदा वाटलं होतं, अशा शहरात जावं जिथे शिंकलं तरी कुणी वळून बघणार नाही. मग तू गेलास आणि पत्रातून कुरकुर करायला लागलास की जिन्यात शेजारी मान हलवत नाहीत. म्हटलं, नको बाई.

आवडतं हवंय? घे. परवा रिटायर मास्तर सकाळच्या बोटीला आले नाहीत. काकांनी डोकी मोजली, एक कमी. मी म्हटलं कंटाळा आला असेल. काका म्हणाले, मास्तरांना कंटाळा येत नाही, ते दुसऱ्यांना देतात. माणूस पाठवला तर मास्तर न्हाणीघरात पाय मोडून पडलेले! अर्धा तास हाका मारत होते. आता प्लास्टर घालून सगळ्यांचं व्याकरण सुधारतायत. हे लाव तुझ्या फळ्यावर.

आणि त्या परीक्षेचं आता सोड ना. काका प्रत्येक वेळी विचारतात, धाकटा कसा आहे, आणि तुझ्या पत्रात त्यांच्यासाठी एक ओळ नसते. मी आपली मनानेच सांगते, नमस्कार कळवलाय म्हणून.

ताई

२७ मार्च, मंगळवार सकाळ

ताई,

मास्तरांना म्हणावं जपा. फळ्याचं राहू दे, माझा कागद मी काढून घेतला.

इकडे सगळं ठीक. पाऊसपाणी ठीक. भूक बरी लागते. खिडकीतून समोरच्या गच्चीवरची कबुतरं दिसतात, अकरा आहेत.

एक सांगतो, रागावू नकोस. गावाने मला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, रोग दिला. ती बोट बुडाली तर कळव, पेढे वाटतो.

उतावळा

५ एप्रिल

उतावळ्या,

तू पत्रावर मंगळवार सकाळ लिहिलंस. मंगळवारी सकाळी तू ट्रामवर असतोस. अकरा वर्षांत तू कामाच्या दिवशी कबुतरं मोजल्याचं मला आठवत नाही.

आणि भूक बरी लागते? आयुष्यात तू हे वाक्य दोनदाच बोललास. एकदा गोवर आला होता तेव्हा, आणि एकदा शाळेची काच फोडलीस तेव्हा.

काय झालंय ते सरळ लिही. आजारी आहेस? भांडलास? मी खिडकीतून माणसाच्या चालीवरून ओळखते घरी काय झालंय ते, तुझं तर अक्षर आहे समोर. उत्तर आलं नाही तर मी फोन करीन आणि रडीन. दोन्ही एकदम.

ताई

१४ एप्रिल

ताई,

फोन करू नकोस. लिहितो.

मला गाडीवरून उतरवलंय. चौकशी चालू आहे. ९ मेला सुनावणी. ट्राम हाकायचा बिल्ला राहतो की जातो, ते त्या दिवशी ठरेल.

चौथ्या थांब्यावर एक आजी चढतात. सहा वर्षं झाली, रोज सात एक्कावन्नला काठी टेकत उभ्या असतात, डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसतात, दवाखान्यापाशी उतरतात. नाव मला माहीत नाही. त्या दिवशी थांब्यावर आजी नाहीत. मी आरशात बघितलं, आत बघितलं, आणि माझं मेलं डोकं आपोआप मोजायला लागलं. एक कमी! हात दाराच्या कळीकडे गेलाच नाही. चार मिनिटं, ताई. मागे पाच ट्रामा शेपटीला शेपूट लावून उभ्या. कंट्रोल रूमवाला ओरडतोय, काय झालं? माझ्या तोंडून निघून गेलं, दार अडकलंय.

मग आजी आल्या. चपलेचा अंगठा तुटला होता, ती हातात घेऊन. मला म्हणाल्या, माझ्यासाठी थांबलात? मी म्हणालो, छे हो, दार अडकलंय.

इथे हे चालत नाही. इथे गाडी मिनिटावर सुटते, कुणी राहिलं तर राहिलं. मलाही तेच आवडायचं. म्हणून तर इथे आलो ना? बघ, त्या बोटीने आधी परीक्षा घेतली, आता नोकरी घेते आहे.

पण वाट सापडली आहे. दार अडकलं या म्हणण्याला चिकटून राहायचं. दारं मेकॅनिकबाईच्या ताब्यात असतात, म्हणजे शेरा तिच्या नावावर पडेल. तिचं काम चोख आहे, एखाद्या शेऱ्याने काय होतंय? मी सुटतो. तुला काय वाटतं?

उतावळा

२२ एप्रिल

उतावळ्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचून दाराला कडी लावली आणि हे लिहायला बसले. मध्ये थांबले तर पुन्हा होणार नाही, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

तुझ्या परीक्षेच्या दिवशी बोट शिवणवाल्या काकूंसाठी थांबली नव्हती. माझ्यासाठी थांबली होती.

आदल्या संध्याकाळी तू अभ्यास करत होतास. तुझं हॉलतिकीट मी पिशवीतून काढलं. तुझा फोटो डकवलेला, शिक्का मारलेला कागद. आपल्या घरात असा कागद पहिल्यांदाच आला होता, मला दम निघेना. काकूंना दाखवायला घेऊन गेले. त्यांनी डोळे भरून पाहिलं, म्हणाल्या चुरगळेल गं, म्हणून जपून ठेवला. मग गप्पा लागल्या आणि मी हात हलवत घरी आले.

सकाळी तू खिडकीशी आलास आणि म्हणालास, ताई, सगळं घेतलंय. तेव्हा मला काकूंकडे राहिलेला कागद आठवला. तू पुढे दोरांच्या वेटोळ्यावर वह्या उघडून बसलास. मी मागच्या मागे काकांना म्हटलं, दोर सोडू नका, त्याचं हॉलतिकीट राहिलंय, त्याला कळू देऊ नका, तो घाबरेल. आणि धावले. काकूंना आठवेना कुठे जपून ठेवलंय ते! कापडांचे गठ्ठे, पेट्या, सगळं उपसलं. वीस मिनिटं.

परत आले तेव्हा तू उभा राहून काकांना नाही नाही ते बोलत होतास. अख्ख्या बोटीसमोर. काका म्हणाले, शिवणवाल्या बाईंसाठी थांबलोय, रोजच्या आहेत. ते खोटं टिकावं म्हणून काकू बिचाऱ्या गळ्यात टेप तशीच, तोंडात दोन टाचण्या, बोटीत चढल्या. पलीकडे त्यांचं काही काम नव्हतं. तासभर काठावर बसून परत आल्या. तू ओरडत होतास तेवढ्यात मी कागद तुझ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात सरकवला.

संध्याकाळी सांगणार होते. पण तू जेवला नाहीस, भिंतीकडे तोंड करून पडलास. म्हटलं उद्या सांगू. मग तू गाव सोडून जायचं ठरवलंस, म्हटलं तिकडे स्थिरावलास की सांगू. उद्या उद्या करत एकोणीस वर्षं गेली. मला भीती वाटत होती रे. गाव सोडलंस तसं मलाही सोडशील.

त्याला खरं सांगून टाकते म्हटलं की दर वेळी काका म्हणतात, राहू दे पोरी, माझी कातडी जाड आहे. पण मी रोज खिडकीतून त्यांना बघते. माझ्या वाटणीचा राग दुसरा माणूस खातोय, आणि वर मलाच विचारतोय, धाकटा कसा आहे. ते बघत बसणं काय असतं, ते तुला सांगून कळायचं नाही.

म्हणून त्या मेकॅनिकबाईवर ढकलू नकोस. सुटशील, पण रोज सकाळी तिचं तोंड बघावं लागेल.

आता मला काय बोलायचं ते बोल. फोन केलास तरी चालेल, मी भांडणार नाही.

ताई

१३ मे

ताई,

पत्र पोचलं होतं. मुद्दाम उत्तर दिलं नाही.

खूप राग आला. तीन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडलो, भांडी घासताना मोठ्याने भांडलो. वरच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या, पाहुणे आलेत का? अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्या दारात आल्या.

एकोणीस वर्षं मी चुकीच्या माणसावर राग धरला. आता तो राग ठेवू कुठे? तुझ्यावर ठेवावा म्हटलं, तर तू धावत जाताना दिसतेस. काकूंवर ठेवावा, तर तोंडात टाचण्या. ताई, आणि हॉलतिकीट नसतं तर फाटक उघडं असूनही मला आत घेतलं नसतं, हे मला काल केस विंचरताना सुचलं. म्हणजे मी ज्याला शिव्या देत होतो ते थांबणं माझ्यासाठीच होतं. तू आधी सांगायला हवं होतंस. ते मी विसरणार नाही. पण तुला सोडीन असं तुला वाटलंच कसं? मूर्ख आहेस.

आता सुनावणी. तीन साहेब, एक टेबल, पाण्याचा जग. मधले साहेब म्हणाले, दार अडकलं होतं ना? आधीच लिहून ठेवलं होतं त्यांनी, मला नुसतं हो म्हणायचं होतं. मेकॅनिकबाई बाहेर बाकावर बसली होती, तेलाचे हात रुमालाला पुसत.

मी म्हणालो, नाही साहेब. दार उत्तम आहे. मी थांबलो.

का?

एक डोकं कमी होतं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मी सगळं सांगितलं, आपली बोट, काका, मास्तरांचा पाय. एका साहेबांनी हसू दाबलं. मधल्यांनी नाही. ते म्हणाले, पुन्हा असं करणार? छाती काढून हो म्हणावं असं फार वाटलं. पण मला ट्राम हाकायला आवडतं, ताई. हे तुला कधी लिहिलं नाही मी, पुलांचंच रडत बसलो. मी म्हणालो, नाही करणार.

थांबल्याबद्दल एक महिना, खोटं बोलल्याबद्दल आणखी दोन आठवडे, इतके दिवस गाड्या धुवायच्या. शिवाय सहीनिशी हमी, की गाडी ठरल्या मिनिटाला सुटेल. पुन्हा चूक झाली तर बिल्ला गेला. बाहेर आलो तर मेकॅनिकबाई म्हणाली, माझं दार उत्तम आहे हे मला माहीत होतं, तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. तिला सगळं ठाऊक होतं! लाजेने मान वर होईना.

सोबत काकांसाठी वेगळी चिठ्ठी आहे. त्यांना वाचता येत नाही, तू वाचून दाखव. मनाने काही गाळू नकोस, घालू नकोस.

तुझा,
उतावळा

२४ मे

उतावळ्या,

पत्र छातीशी धरून रडले, मग मूर्ख म्हणालास तिथे हसले. एवढंच लिहिते, जास्त लिहिलं तर शाई फुटेल.

चिठ्ठी मात्र अजून पेटीत आहे. काका लेकीकडे गेलेत महिना-दीड महिना. बदली माणूस आलाय, शिट्टी मारून मिनिटावर बोट सोडतो. पहिल्या दिवशी टपालवाला काठावर आणि टपाल बोटीत! दुसऱ्या दिवशी नवरा गेला, बायको राहिली, आणि घराची किल्ली नवऱ्याच्या खिशात. सगळे माझ्या खिडकीशी येऊन ओरडतात. मी म्हणते, शहरात असंच असतं, सवय करा.

ताई

२९ जून

ताई,

आठवड्यापूर्वी गाडीवर परत बसलो. पहिल्या दिवशी चौथ्या थांब्यावर सात एक्कावन्न झाले, आजी वळणावर दिसत होत्या, साठ पावलांवर. मी सही केली आहे. गाडी सोडली. आरशात त्यांनी काठी वर केलेली दिसली, मग खाली केलेली. दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर होत्या, पण धापा टाकत. तिसऱ्या दिवशी पुन्हा राहिल्या. गाडीत सगळ्यांच्या माना मागे वळल्या होत्या.

चौथ्या दिवशी ऐक. सात एक्कावन्न, आजी वळणावर. मी दाराची कळ दाबणार, तेवढ्यात एक कोटवाले गृहस्थ उठले, पायरीवर गेले आणि वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. पायरीवर पाय असताना गाडी हलवायची नाही, हा नियम माझ्या हमीच्याही वरचा. मी म्हणालो, साहेब, आत या. ते म्हणाले, एक मिनिट हो, नाडी सुटली आहे. ताई, त्यांच्या बुटांना नाडीच नव्हती!

आजी चढल्या. गृहस्थ आत आले. कंट्रोल रूमने विचारलं, मी म्हणालो, पायरीवर प्रवासी. अक्षरशः खरं होतं. दुसऱ्या दिवशी एका बाईंची पिशवी पायरीवर सांडली, बटाटे गोळा करायला चार जण. काल एका विद्यार्थिनीने पायरीवर उभं राहून थांब्यावरची जाहिरात मोठ्याने वाचली. पाळ्या लावल्यात की काय, मला कुणी सांगत नाही, मीही विचारत नाही. आज तर मेकॅनिकबाई तिच्या सुटीच्या दिवशी गाडीत चढली आणि पायरीवर उभी राहून म्हणाली, दार तपासते आहे.

मी आपला पुढे बघत बसतो, गंभीर चेहरा करून. एवढं गंभीर राहायला फार त्रास होतो.

काका आले का? चिठ्ठी वाचलीस का? मी त्यांना त्या दिवशी काय काय बोललो होतो ते सगळं आठवलं आहे मला आता, आणि रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. त्यांनी नाही माफ केलं तरी खरं ते कळव.

उतावळा

९ जुलै

उतावळ्या,

काका परवा आले. बदली माणसाला लोकांनी हार घालून निरोप दिला, इतका आनंद झाला होता.

दुपारी बोट रिकामी होती तेव्हा चिठ्ठी घेऊन गेले. काकूंनाही बोलावलं, त्यांचाही हक्क होता. काकांनी इंजिन बंद केलं, हात पुसले आणि शाळेतल्या पोरासारखे समोर बसले. मी वाचलं. काही गाळलं नाही, घातलं नाही. 'तुम्ही माझ्यासाठी थांबला होतात आणि मी तुम्हाला चारचौघांत अपमान होईल असं बोललो' इथे माझा आवाज गेला, तेव्हा पुढचं काकूंनी वाचलं. काका म्हणाले, पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं.

मग चिठ्ठी मागून घेतली, वाचता येत नाही तरी ओळींवरून बोट फिरवलं, घडी करून वरच्या खिशात ठेवली. मी म्हटलं, काका, काय कळवू त्याला? त्यांचे डोळे पाण्याने भरले होते, पण आवाज नेहमीचाच. म्हणाले, त्याला विचार, येणार कधी? त्या दिवशी बोट अलीकडे नाही, तो येईपर्यंत पलीकडच्या काठाला थांबवावी लागेल, वार आधी कळला तर बरं.

तेव्हा वार कळव.

ताई